पाण्यात उतरण्याआधी बोला

वरळीच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत माझे बालपण गेले. घरात मालवणी, गॅलरीत मराठी आणि हिंदी, शेजारी तेलुगू. भाषांची भीती अशी लहानपणीच गेली. पुढे मालदीव बेटांवर स्कूबा डायव्हिंगचा प्रशिक्षक झालो, तेव्हा इंग्रजीच्या जोडीला कामापुरती जर्मन व रशियनही शिकलो. तिथे भाषा लागते ती पाहुण्यांचा जीव सांभाळण्यासाठी.

पाण्याखाली तोंडात हवेची नळी असते. बोलणे बंद, सगळा कारभार खुणांचा. अंगठा वर केला तर ‘छान’ नव्हे, ‘वर चला’ असा अर्थ होतो! ‘ठीक आहे’ सांगण्यासाठी अंगठा व तर्जनी जुळवून गोल करतात. म्हणून विचारायचे ते काठावरच विचारावे लागते.

एकदा आपल्याकडच्या एका काकांनी तब्येतीच्या इंग्रजी फॉर्मवर सर्वत्र ‘नाही’ अशी खूण केली होती. मी मराठीत विचारले, “काका, कधी दम लागतो का?” ते म्हणाले, “लागतो ना! पंप खिशातच असतो.” मी त्यांना उतरू दिले नाही. पैसे भरले होते, त्यामुळे ते रागावले. पण माझा नाइलाज होता.

कारण साधे आहे. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे घेतलेली हवा वर येताना फुगते. दम्याने श्वासनलिका आकसल्या तर ती कोंडून फुप्फुस फाटू शकते.

सर्दीही तितकीच फसवी. नाक चोंदले की कानातला दाब जुळत नाही, पडदा फाटू शकतो. आमच्यातल्या अनेकांना डुबकीगणिक पैसे मिळतात. सर्दीत घरी बसले की कमाई बुडते, पण कान गेला तर धंदाच बुडतो.

आता मालवण-तारकर्लीलाही पुष्कळ लोक स्कूबासाठी जातात. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे:

१. दमा, फिट, हृदयविकार, कानाचे ऑपरेशन किंवा गरोदरपण असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. फॉर्म समजला नाही तर मराठीत वाचून घ्यावा.

२. उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकावी. कान दुखू लागला तर तळहात हलवून कानाकडे बोट दाखवावे, आणखी खाली जाऊ नये.

३. श्वास कधीही रोखू नये. वर सावकाश यावे.

४. डुबकीनंतर लगेच विमानात बसू नये. एका डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास थांबावे. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे दुखतात, कधी लकवाही होतो. खोल डुबकी मारून त्याच संध्याकाळी उंच घाट चढणेही टाळावे.

५. नंतर सांधेदुखी, मुंग्या, चक्कर किंवा धाप जाणवल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि ‘मी डुबकी मारली होती’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

समुद्र कुठे पळून जात नाही. यंदा तब्येत बरी नसेल तर पुढच्या वर्षी जावे.