खिळ्याचे तांबे होते काय?

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत एक बुवा आला होता. निळ्या 'तीर्थात' लोखंडी खिळा बुडवून त्याने त्याचे तांबे करून दाखविले. "आज तांबे, उद्या सोने" म्हणत तीन घरांतून पैसे नेले. त्यांतील एक घर दीक्षा घेतलेले होते, हे लिहिताना आम्हांस लाज वाटते. केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे म्हणून मानू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते. म्हणून विहारातील रविवारच्या वर्गात आम्ही तोच प्रयोग मुलांकडून करविला.

तीर्थ म्हणजे मोरचुदाचे पाणी. घासलेला खिळा त्यात अर्धा तास ठेवला की लालसर होतो. कोमट पाण्यात लवकर होतो. पण कानशीने घासताच आत लोखंडच! पाण्यात आधीच असलेले तांबे खिळ्यावर बसते आणि तेवढे लोखंड पाण्यात उतरते. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, तांब्याचा घेतो. ही रासायनिक अभिक्रिया. तिच्यात अणूंच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची देवघेव होते, केंद्रकाला धक्काही लागत नाही.

लोखंडाच्या केंद्रकात २६ प्रोटॉन, तांब्याच्या २९. ते तीन प्रोटॉन कोणत्याही मंत्राने, तीर्थाने वा भट्टीने आत जात नाहीत. एका मूलद्रव्याचे दुसरे करणे हे अणुकेंद्रकीय अभिक्रियेचे काम. १९१९ साली रदरफोर्ड यांनी नायट्रोजनवर अल्फा कणांचा मारा करून ते प्रथम साधले.

ही अभिक्रिया वर्गात कशी दाखवावी? किरणोत्सारी द्रव्य मुलांच्या हाती देणे योग्य नव्हे. आम्ही १०० नाणी उधळली आणि छापा पडलेली बाजूला काढली. ५३ उरली, मग २४, मग १३. कोणते नाणे केव्हा जाईल हे सांगता येत नाही, पण दर फेरीला सुमारे निम्मी जातात. यालाच अर्धायुष्य म्हणतात. खिळ्याच्या प्रयोगाला ऊन पाण्याने घाई करता येते, केंद्रकाच्या ऱ्हासाला मात्र जाळाने फरक पडत नाही.

जयंतीच्या मिरवणुकीत डोक्यावर धरल्या जाणाऱ्या गॅसबत्त्या पुष्कळांना आठवत असतील. त्यांच्या बऱ्याच मॅन्टलमध्ये थोरियमचा क्षार असे. पहिल्यांदा पेटवताना कापड जळून जाते, क्षाराचे ऑक्साइड होते; ही रासायनिक अभिक्रिया. थोरियम मात्र जळून संपत नाही. त्याचा किरणोत्सार जळण्याआधी होता तसाच चालू राहतो, कारण त्याचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे आहे. उजेड देणारी उष्णता मात्र रॉकेलची, थोरियमच्या ऱ्हासाची नव्हे. एकाच बत्तीत दोन्ही गोष्टी आहेत, हे मुलांना फार आवडले.

ऊर्जेतला फरक मात्र प्रयोगाने दाखवता आला नाही, आकड्यांनीच सांगावा लागला. १ किलो युरेनियम-२३५ चे पूर्ण विखंडन झाले, तर चांगल्या प्रतीचा २५ ते ३० लाख किलो कोळसा जाळल्याएवढी उष्णता मिळते. १९६९ पासून तारापूरला याच विखंडनातून वीज निघाली. आणि पोखरणला ११ मे १९९८ रोजी, नेमक्या वैशाख पौर्णिमेस, स्फोटही याच बळावर झाले. त्याविषयी मुलांनी विचारलेले प्रश्न सोपे नव्हते. त्यावर एक रविवार वेगळा ठेवला आहे.

घरी जुने मॅन्टल असल्यास त्याची राख फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. मोरचूदही विषारी आहे. प्रयोगानंतर हात साबणाने धुवावेत.