न ओलांडता मोजलेली खाडी

भिवंडीहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे टेमघर (मुठेवरील धरणाचे टेमघर ते निराळे) सध्या दोन कारणांनी लोकांच्या बोलण्यात येते: शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी जेथे शुद्ध होते ते केंद्र येथे आहे, आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात या नावाचे एक स्थानक आहे. येथून राजनोली नाका ओलांडून कोन गावापर्यंत गेले की खाडी आडवी येते आणि पलीकडच्या काठावर दुर्गाडी किल्ला दिसतो. पूल नाही, होडी नाही, आणि तरीही या पाण्याची रुंदी सांगायची आहे, अशी अट कोणी घातली तर ती कशी पुरी करावी?

आपल्या मुलखात जमीन मोजण्याची जी रीत दफ्तरी रूढ झाली, तिला या प्रश्नाचे उत्तर सहज देता येत नाही. 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून महसुली मोजणीची जी घडी बसवली, तिचे मुख्य हत्यार 33 फुटी साखळी. तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे गुंठा. शंकू आणि साखळी घेऊन शेताचे त्रिकोण पाडीत जाणाऱ्या मोजणीदाराने लक्षावधी टिपणे तयार केली आणि त्यांवर जमाबंदी उभी राहिली. परंतु या रीतीची मर्यादा अशी की जेथे माणसाचे पाऊल जाते तेथेच माप जाते.

पाऊल न टाकता माप नेणारी युक्ती त्रिकोणमितीत साइनचा नियम या नावाने ओळखली जाते. काटकोन त्रिकोणात एखाद्या लघुकोनासमोरच्या बाजूला कर्णाने भागले असता येणारी संख्या ती त्या कोनाची साइन. आता कोणत्याही त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला, तर तो लंब डावीकडून पाहता डावी बाजू गुणिले डाव्या कोनाची साइन इतका, आणि उजवीकडून पाहता उजवी बाजू गुणिले उजव्या कोनाची साइन इतका भरतो. लंब एकच असल्यामुळे हे दोन्ही गुणाकार समान असले पाहिजेत, आणि त्यातूनच असे निघते की प्रत्येक बाजूला तिच्या समोरील कोनाच्या साइनने भागले असता तिन्ही भागाकार एकच येतात. सिद्धता एवढीच; बारावीच्या पुस्तकात हा नियम आहे, पण तो खाडीच्या काठावर नेला म्हणजे त्याची किंमत कळते.

कोनच्या काठाने 200 मीटरची एक सरळ पायारेषा आखली आणि तिच्या दोन टोकांवरून दुर्गाडीच्या पायथ्याशी, पाण्यालगत असलेली एकच खूण पाहून कोन घेतले, ते 68 आणि 57 अंश भरले, असे उदाहरणापुरते धरू. तिसरा कोन न मोजताच 55 अंश ठरतो. मग पहिल्या टोकापासून त्या खुणेचे अंतर 200 गुणिले 57 अंशांची साइन भागिले 55 अंशांची साइन, म्हणजे सुमारे 204.8 मीटर, आणि त्याला 68 अंशांच्या साइनने गुणले की काटकोनातली रुंदी सुमारे 190 मीटर मिळते.

तो तिन्ही बाजूंचा समान भागाकार म्हणजे तरी काय? त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा तो व्यास. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात सांगितले आहे की दोन भुजांच्या गुणाकाराला लंबाच्या दुपटीने भागले असता हृदयरज्जु, म्हणजे या वर्तुळाची त्रिज्या, मिळते. लंबाच्या जागी भुजा आणि ज्या (म्हणजे साइन) यांचा गुणाकार ठेवला की साइनचा नियम हाती येतो. तरीही ‘हे सारे आपल्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. नियम स्वतंत्रपणे मांडून सपाट त्रिकोणासाठी सिद्ध करण्याचे श्रेय तेराव्या शतकातील नसिरुद्दीन तुसी या इराणी पंडिताकडे जाते. आपले श्रेय वेगळे आणि कमी नाही: ज्या-कोष्टके आर्यभटापासून येथे होती, आणि भास्कराचार्यांनी ज्योत्पत्तीत दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत दिली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

या नियमाची खरी परीक्षा गणितात नाही, त्रिकोण निवडण्यात आहे, असे माझे मत आहे. वरच्या उदाहरणात पायारेषा 200 मीटरऐवजी चारच मीटर घेतली असती, तर पलीकडचा कोन जेमतेम एका अंशाच्या आसपास आला असता. आणि एका अंशाच्या कोनात एका कलेची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक झाली की अंतर साठाव्या हिश्शाने चुकते, म्हणजे 190 मीटरमध्ये तीन मीटरहून अधिक. तीच एका कलेची चूक 60 अंशांच्या कोनात झाली, तर अंतरातला फरक सहाहजाराव्या हिश्शाच्या घरात राहतो. चूक तीच, नियम तोच, आणि नुकसान मात्र शंभरपट. म्हणून जाणता भूमापक शक्य तेथे समभुजाच्या जवळ जाणारे त्रिकोण शोधतो.

ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्टनने 1802 मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा 57 दिवस खर्चून मोजली ती याच जाणिवेने: जमिनीवर मोजलेल्या त्या एका रेषेवर पुढच्या शेकडो मैलांचे त्रिकोण, अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटने कोन घेत, साइनच्या नियमानेच उभे राहायचे होते. हा माणूस 1823 च्या जानेवारीत, काम अर्धवट असताना, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. पुढे त्याच्या त्रिकोणांच्या दक्षिणोत्तर मुख्य मालिकेपासून पश्चिमेला मुंबईपर्यंत त्रिकोणांची आडवी मालिका आणण्यात आली.

नियमाची एक खोडही सांगितली पाहिजे. लघुकोन आणि त्याचा पूरक विशालकोन यांची साइन सारखीच असते. समजा, जुन्या टिपणात एका बाजूची लांबी 100 मीटर, तिच्या टोकाचा कोन 30 अंश आणि त्या कोनासमोरची बाजू 60 मीटर एवढाच मजकूर आहे. तर तिसरी बाजू 120 मीटरच्या जवळपासही असू शकते आणि 53 मीटरही. हद्दीचा दगड दोन जागी बसू शकतो, आणि दोन्ही जागा गणिताला मान्य आहेत! येथे भूकरमापकाला आणखी एक माप घ्यावेच लागते. कागदावर डोके खाजवून निकाल लागत नाही.

आता टोटल स्टेशन हे यंत्र प्रकाशकिरण पाठवून अंतर सरळच सांगते, हे खरे; परंतु ज्या खुणेवर आरसा ठेवता येत नाही आणि जिच्यावरून किरण परत येत नाही, तेथे दोन ठिकाणांहून कोन घेऊन ती नकाशावर बसवण्याचा जुना मार्ग आजही चालतो. भिवंडी-कल्याणच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे की, हा नियम शिकवण्याच्या आठवड्यात मुलांना एक फीत आणि लाकडी कोनमापक देऊन कोनच्या काठावर न्यावे, पायारेषा आखडती घेऊ नये, आणि आलेले उत्तर नंतर नकाशावर, प्रमाणपट्टी लावून, पडताळून पाहावे.