घरातलं पेट्रोल : बाटली लहान, धोका मोठा

मैत्रिणींनो, घरात पेट्रोल आहे का असं विचारलं तर बहुतेक जणी "नाही" म्हणतील. पण जरा आठवून बघा. मोटारसायकल वाटेत बंद पडू नये म्हणून दाराआड ठेवलेली बाटली, फवारणी पंपाचा डबा, कडबा-गवत कापायच्या मशीनसाठी आणलेले दोन लिटर. शेतीत मशीनं आली तसं पेट्रोलही घरात आलं. ते वापरू नका असं कुणी म्हणत नाही. पण ते ठेवायचं कसं, हे घरातल्या बाईला माहीत पाहिजे. कारण चूल, गॅस आणि देवापुढचा दिवा बहुतेक तीच लावते.

रॉकेलसारखं समजू नका

आपल्या हाताला रॉकेलची सवय आहे. रॉकेल सांडलं तर आपण फडक्यानं पुसून मोकळ्या होतो. पेट्रोलचं तसं नाही. रॉकेल थोडं तापल्याशिवाय त्याची पेट घेणारी वाफ होत नाही. पेट्रोलची वाफ मात्र कडाक्याच्या थंडीतही होत असते. उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा ती पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडे बारा महिने, चोवीस तास.

दुसरी गोष्ट, ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साचते. डोळ्यांना दिसत नाही. बाटली पडवीत आणि चूल आतल्या घरात असली, तरी वाफ उंबऱ्यावरून चुलीपर्यंत जाते. तिथे पेटते आणि ज्वाला उलट बाटलीपर्यंत येते. "मी तर लांब ठेवलं होतं" असं नंतर म्हणण्यात अर्थ नसतो.

कायदा काय सांगतो

१९३४ चा पेट्रोलियम कायदा आजही लागू आहे. विक्रीसाठी नसेल तर एका व्यक्तीला एकूण ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं. पण भांडं घट्ट झाकणाचं आणि काच, चिनीमाती किंवा धातूचंच हवं. काचेचं किंवा चिनीमातीचं भांडं १ लिटरपेक्षा मोठं नको, धातूचं २५ लिटरपेक्षा मोठं नको. काच फुटते, म्हणून आपल्यासाठी धातूचा कॅन बरा. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली यात कुठेच बसत नाही.

आपल्या काही ताई किराणा दुकान चालवतात. गिऱ्हाईक मागतं म्हणून दोन-चार बाटल्या पेट्रोल ठेवलं जातं. बाटलीमागे थोडे पैसे सुटतात, हे खरं. पण परवान्याशिवाय पेट्रोल विकणं गुन्हा आहे, मग ते एक बाटली का असेना. शिवाय त्याच दुकानात उदबत्ती, काडेपेट्या आणि आपलं कर्ज काढून भरलेला माल असतो. हिशोब तुम्हीच करा.

ठेवायचं असेल तर असं ठेवा

• लागेल तेवढंच आणा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. महिनोन्‌महिने ठेवलेलं पेट्रोल मशीनही बिघडवतं.
• कॅन काठोकाठ भरू नका. उन्हानं पेट्रोल फुगतं, वर थोडी जागा हवी.
• पंपावर कॅन जमिनीवर ठेवून भरून घ्या. गाडीवर ठेवून किंवा हातात धरून नको.
• कॅन राहत्या घरात नको. वेगळ्या, हवेशीर, सावलीच्या आणि कुलूप लागेल अशा जागी ठेवा. कडब्याची गंज, गोठा, इन्व्हर्टर आणि मोटारीचा स्टार्टर यांच्यापासून लांब. स्टार्टरमध्ये ठिणगी पडते.
• कॅनवर मोठ्या अक्षरात "पेट्रोल" लिहा. वाचता न येणाऱ्यांसाठी लाल पट्टी मारा.
• मशीनमध्ये पेट्रोल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्या. भरणं उघड्यावर, दिवसाउजेडी, नरसाळ्यानं करा. जवळ विडी-सिगारेट नको. ऑइल मिसळलेलं पेट्रोलही तितकंच पेटतं.
• चूल, शेकोटी किंवा कचरा पेटवायला पेट्रोल कधीच नाही. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये तर मुळीच नाही, भडका उडतो.

आणि तरीही काही घडलं तर

घरात पेट्रोल सांडलं : चूल-गॅस-दिवा विझवण्याजोगा जवळ असेल तर लगेच विझवा. लाइटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. वास पूर्ण जाईपर्यंत आत जाऊ नका.

पेट्रोल पेटलं : पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. आग लहान असेल तर वाळू किंवा माती टाका. मोठी असेल तर माणसं बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा.

अंगावरचे कपडे पेटले : पळू नका, वाऱ्यानं आग वाढते. जमिनीवर आडवं होऊन लोळा. दुसरीनं जाड सुती गोधडी किंवा घोंगडी गुंडाळावी. मग भाजलेल्या भागावर २० मिनिटं साधं गार पाणी सोडा, बर्फ नको. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. स्वच्छ कापड झाकून १०८ ची गाडी बोलवा.

मुलानं पेट्रोल प्यायलं : उलटी करवू नका. मीठपाणी, दूधही देऊ नका. उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात जातं, तेच जिवावर बेततं. भिजलेले कपडे काढा, अंग धुवा आणि मूल बरं दिसत असलं तरी लगेच दवाखान्यात न्या.

पुढच्या बैठकीत हप्ते-बचत झाली की पाच मिनिटं या विषयाला द्या. कुणाकडे पेट्रोल आहे, कशात आहे, कुठे आहे, एकमेकींना विचारा. दोघी-तिघींनी मिळून एक चांगला कॅन घेतला तरी चालेल. आणि आज घरी गेल्यावर पहिलं काम : दाराआडची ती बाटली बाहेर काढा.