धातूच्या जिवावर बोरोफीन

कॅरमवर भुरभुरायची बोरिक पावडर आणि सोनाराच्या डाग देण्याच्या कामातली सवागी, एवढीच आपली बोरॉनशी ओळख. तीही त्याच्या संयुगांतून. शुद्ध बोरॉन हा काळपट, कठीण, ठिसूळ अर्धवाहक. पण त्याचा एका अणूइतका पातळ पापुद्रा, म्हणजे बोरोफीन, धातूसारखी वीज वाहून नेतो. हा पापुद्रा निसर्गात मिळत नाही. तो घडवावा लागतो, आणि त्यासाठी खाली धातू लागतो.

ग्राफाइटचे थर एकमेकांना सैलसर धरून असतात. म्हणून 2004 साली मँचेस्टरमध्ये साध्या चिकटपट्टीने ग्राफीन सोलून काढता आले. बोरॉनला असे थरच नाहीत. कार्बनपेक्षा त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन कमी, त्यामुळे निव्वळ षटकोनांचे जाळे त्याला झेपत नाही. त्याचे अणू त्रिकोणांत दाटी करतात आणि मधल्या काही जागा मोकळ्या ठेवतात. इलेक्ट्रॉनांची तूट धातू भरून काढतो. राइस विद्यापीठातील बोरिस याकोब्सन यांच्या गटाने 2013 मध्ये आकडेमोडीतून चांदी आणि सोन्याचे पृष्ठभाग यासाठी सुचवले होते. चांदी बोरॉनला सहसा पोटात घेत नाही, त्याच्याशी संयुगही करत नाही. त्यामुळे तो पृष्ठभागावरच पसरतो.

शिकागोजवळच्या आर्गोन नॅशनल लॅबोरेटरीत हे प्रत्यक्षात उतरले. नेथन गायसिंगर, मार्क हर्सम आणि सहकाऱ्यांचा निबंध डिसेंबर 2015 मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. इथली चांदी म्हणजे एकच अखंड स्फटिक, अणूंची षटकोनी मांडणी वर येईल असा कापलेला. पोलादी कक्षातला दाब बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी. आधी अरगॉनच्या आयनांचा मारा करून चांदीवरचा मळ उडवायचा, मग ती तापवून पृष्ठभाग पुन्हा सपाट करून घ्यायचा. बोरॉन वितळायला दोन हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते, म्हणून त्याच्या कांडीवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात. निघणारी वाफ साडेचारशे ते सातशे अंशांच्या चांदीवर अगदी सावकाश बसू द्यायची. मग त्यावरून टनेलिंग सूक्ष्मदर्शकाची सुई फिरते आणि पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांची बेटे दिसू लागतात.

त्या पट्ट्या वाचताना मात्र मतभेद झाले. आर्गोनच्या गटाला त्यात एकही जागा मोकळी नसलेली, वरखाली वळलेली त्रिकोणी जाळी दिसली. बीजिंगमध्ये केहुई वू यांच्या गटाने चांदीवरच पापुद्रा वाढवला आणि 2016 मध्ये मोकळ्या जागांची सपाट रचना मांडली. पुढच्या मोजमापांनी कौल मोकळ्या जागांच्या बाजूने दिला.

घावनाची जाळी जशी तव्याच्या तापावर ठरते, तशी बोरोफीनची जाळी खालच्या धातूवर. ॲल्युमिनियम इतके इलेक्ट्रॉन देते, की त्यावर निव्वळ षटकोनी जाळेही उभे राहते. 2018 मध्ये वू यांच्याच गटाने ते दाखवले. पण त्याला बोरोफीन म्हणावे की ॲल्युमिनियमचे बोराइड, हा वाद मागोमाग आला. सोन्याची तऱ्हा तिसरीच. तापल्यावर ते बोरॉन आत शोषते आणि निवताना पृष्ठभागावर सोडते. येल आणि ब्रूकहेवनच्या संशोधकांनी 2019 मध्ये तांब्यावर 100 चौरस मायक्रोमीटरपर्यंतचे एकसंध स्फटिक वाढवले. म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी बाजू असलेला चौकोन. या क्षेत्रात हे मोठे मानले जाते!

खरी अडचण नंतरची आहे. ज्या धातूने पापुद्रा घडवला, तोच त्याला सोडत नाही. आणि कक्षाबाहेर काढताच हवेतला ऑक्सिजन त्याला गंजवू लागतो. हर्सम यांच्या गटाने 2021 मध्ये बोरोफीनवर हायड्रोजनचे अणू बसवले. त्यामुळे गंजण्याचा वेग शंभर पटींहून अधिक घटला, आणि तापवले की हायड्रोजन निघून मूळ पापुद्रा परत मिळतो. भारतात, पाटण्याच्या आयआयटीत, वेगळी वाट चोखाळली गेली: 2019 मध्ये तिथल्या संशोधकांनी बोरॉनची भुकटी द्रवात घालून ध्वनिलहरींनी तिचे पापुद्रे सुटे केले. त्यात धातूचा आधार लागत नाही. पण धातूमुळे मिळणारा रचनेवरचा ताबाही राहत नाही.

त्यामुळे बोरोफीनच्या बॅटऱ्या आणि संवेदकांच्या बातम्या वाचताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात: पापुद्रा धातूवरून अखंड सुटला का, आणि उघड्या हवेत किती टिकला. या दोन्हींची उत्तरे नसतील, तर ती बातमी अजून प्रयोगशाळेतलीच समजावी.