निष्णात श्येनपालकाचा परवाना : अमेरिकेतील नियम आणि त्यामागील विचार

प्रस्तावना

शिकारी पक्ष्यांना शिकवून त्यांच्या साहाय्याने शिकार करण्याची विद्या भारताला अपरिचित नाही. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याचा ‘श्यैनिकशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ याच विषयाला वाहिलेला असून हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० मध्ये तो संपादित केला. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमामुळे ससाणे रानातून पकडण्यास व त्यांच्याकरवी शिकार करण्यास बंदी आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे ही विद्या बंद न करता परवान्याच्या तीन पायऱ्यांत बांधली गेली. त्यांपैकी सर्वोच्च पायरीच्या अटींचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कायद्याची चौकट

स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या १९१८ च्या अमेरिकन कायद्याचे संरक्षण शिकारी पक्ष्यांना १९७२ मध्ये लाभले. त्यानंतर १९७६ मध्ये श्येनपालनाचे संघीय नियम आले व २००८ मध्ये त्यांची नव्याने मांडणी झाली. १ जानेवारी २०१४ पासून स्वतंत्र संघीय परवाना रद्द होऊन परवाना देण्याचे काम राज्यांकडे गेले. संघीय नियम ही किमान मर्यादा होय. राज्यांना त्याहून कडक अटी घालता येतात.

पहिल्या दोन पायऱ्या

प्रारंभी ‘उमेदवार’ श्येनपालक व्हावे लागते. त्यासाठी वय किमान १२ वर्षे असावे, लेखी परीक्षेत किमान ८० टक्के गुण मिळावेत, पक्ष्याच्या निवासाची व साधनांची तपासणी व्हावी आणि अनुभवी श्येनपालकाने मार्गदर्शक होण्याचे लेखी मान्य करावे, अशा अटी आहेत. उमेदवाराला एका वेळी एकच पक्षी बाळगता येतो.

दुसरी पायरी ‘सर्वसाधारण’ श्येनपालकाची. वय किमान १६ वर्षे आणि उमेदवारीची किमान दोन वर्षे पूर्ण असावी लागतात. या प्रत्येक वर्षी किमान चार महिने पक्षी सांभाळणे, शिकवणे, उडवणे व त्याच्यासह शिकार करणे आवश्यक असते आणि त्याबद्दल अनुभवी श्येनपालकाचे लेखी निवेदन जोडावे लागते. कोणत्याही विद्यालयातील अभ्यासक्रम पूर्ण करून ही दोन वर्षे कमी करता येत नाहीत, असे नियमातच नमूद आहे. या पायरीवर तीन पक्षी ठेवता येतात.

निष्णात पायरी

सर्वोच्च पायरीची मुख्य अट एका वाक्यात सांगता येते : सर्वसाधारण पातळीवर स्वतःच्या पक्ष्यासह किमान पाच वर्षे प्रत्यक्ष श्येनपालन केलेले असावे. संघीय नियमांत त्यासाठी नवी परीक्षा नाही. यावरून निष्णात होण्यास किमान सात वर्षे लागतात आणि २१ वर्षांपूर्वी हा दर्जा मिळू शकत नाही, हे स्पष्ट होते.

निष्णाताला रानातून आणलेले पाचपर्यंत पक्षी बाळगता येतात. बंदिस्त प्रजननातील पक्ष्यांच्या संख्येवर मर्यादा नाही; मात्र त्यांना शिकारीसाठी शिकवून वापरणे बंधनकारक आहे. सोनेरी गरुड पाळण्यासाठी मोठे शिकारी पक्षी हाताळल्याचा अनुभव व जाणकारांची किमान दोन शिफारसपत्रे लागतात. असे गरुड तीनपेक्षा अधिक ठेवता येत नाहीत. अमेरिकेचे राष्ट्रचिन्ह असलेला बाल्ड ईगल मात्र निष्णातालाही वर्ज्य आहे. ससाणे उडवून उपद्रवी पक्षी हुसकावण्याचा स्वतंत्र विशेष परवानाही निष्णातालाच मिळतो.

कालावधीचे कारण

वर्षांवर एवढा भर का, याचे उत्तर शिकवण्याच्या पद्धतीत आहे. ससाणा कुत्र्याप्रमाणे धन्याच्या मर्जीसाठी काम करत नाही. मुठीवर अन्न मिळते म्हणून तो परत येतो. त्यासाठी त्याचे वजन रोज तोलून आहार ठरवावा लागतो. वजन अधिक झाले तर तो उडून जातो. प्रमाणाबाहेर घटले तर दगावतो. केस्ट्रेलसारख्या लहान पक्ष्याच्या बाबतीत हे अंतर काही ग्रॅमचेच असते. थंडी, पिसे गळण्याचा काळ व आजार यांनुसार ते बदलते. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. अनेक ऋतू पक्ष्याबरोबर घालवल्यावरच येतो.

शिवाय रानातून आणलेला पक्षी विकता येत नाही. तो श्येनपालकाची विक्रेय मालमत्ता नसून समाजाच्या ठेव्यातून त्याच्याकडे सोपवलेला जीव असतो. म्हणूनच अधिकार वाढवताना ज्ञानाबरोबर विश्वासार्हताही पाहिली जाते.

समारोप

या व्यवस्थेत लेखी परीक्षा प्रवेशद्वारावर आहे. पुढील वाट कालावधी, प्रत्यक्ष काम आणि जाणकाराची साक्ष यांनी ठरते. आपल्या शिक्षणपद्धतीत बहुधा याच्या उलट क्रम आढळतो : परीक्षा शेवटी असते आणि तिच्यानंतर कोणी हात पाहत नाही. ज्या विद्येत चूक झाल्यास दुसऱ्याचा जीव जातो, तेथे गुणपत्रिका पुरेशी नाही, हे या नियमांनी मान्य केले आहे. परिचर्या, शेती, पशुवैद्यक यांसारख्या विषयांचे अभ्यासक्रम आखणाऱ्या अध्यापकांनीही हा क्रम विचारात घेण्यासारखा आहे.