मॅगझिन अडकलं म्हणून पक्कड हातात घेऊ नका

मृगाचा पाऊस पडून सोयाबीन दोन-तीन पानांवर आलं की औसा तालुक्यात हरणांचे कळप रानात उतरतात. पुढं शेंगा भरल्या की रानडुकरं येतात. एका रात्रीत कोपराच्या कोपरा उकरून टाकतात. राखणीला बसणाऱ्या माणसाजवळ बॅटरी, गोफण, पत्र्याचा डबा एवढंच असतं. पण ज्यांच्या घरी आजोबा-वडिलांच्या काळापासून परवान्याची बंदूक आहे, त्यांना याच दिवसांत तिची आठवण होते. वर्षभर कपाटात पडलेली बंदूक बाहेर काढायची, पुसायची, आणि काही अडलं तर घरीच ठोकठाक करायची, ही आपल्याकडची जुनी रीत.

शेतकरी बंधूंनो, आजचा हा लेख त्या ठोकठाकीबद्दल आहे. मोटारीचा फूटबॉल बदलणारा, फवारणीच्या पंपाचं वायसर घरीच कापणारा, ट्रॅक्टरचं डिझेल फिल्टर डोळे झाकून बसवणारा आपला शेतकरी हाताचा पक्का कारागीर आहे. म्हणूनच त्याला वाटतं, बंदूक म्हणजे तरी काय, लोखंडाची नळी आणि एक स्प्रिंग! इथंच गफलत होते. आणि ती दोन अंगांनी महागात पडते. एक जिवाच्या, दुसरी कायद्याच्या.

आपल्या भागात परवान्यावर दिसणारी शस्त्रं बहुधा तीन प्रकारची. ठासणीची बंदूक, बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी, आणि क्वचित कुणाकडं ३१५ बोअरची रायफल. पहिल्या दोन्हींना सहसा मॅगझिन नसतं. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे तोंडाकडून भरायचे, बारा बोअर मोडून काडतूस मागून घालायचं. मॅगझिनचा खरा प्रश्न येतो तो रायफलीला. निवृत्त जवान मंडळी, जुने वाडेवाले, काही बागायतदार यांच्याकडं ही ३१५ असते. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ती बनते. तिची घडण जुन्या ली-एनफिल्डसारखी. इंग्रजांनी फौजेची ३०३ची गोळी रयतेच्या हाती पडू नये म्हणून वेगळ्या मापाची गोळी दिली, तीच ही आठ मिलीमीटरची. ३०३ आजही सामान्य परवान्यावर मिळत नाही.

मॅगझिन म्हणजे काय, तर पत्र्याची एक पेटी. आत स्प्रिंग, स्प्रिंगवर एक फळी, फळीवर एकावर एक काडतुसं. पेटीच्या तोंडाशी पत्र्याच्या आत वळवलेल्या कडा असतात, त्यांना ओठ म्हणतात. स्प्रिंग खालून रेटते, ओठ वरून धरून ठेवतात, आणि बोल्ट पुढं ढकलला की सगळ्यात वरचं काडतूस ओठांतून सुटून नळीत जातं. जेम्स पॅरिस ली या माणसाने १८७९ साली अशा पेटीचं पेटंट घेतलं, आणि आजवर जगभर तीच कल्पना चालू आहे. ऐकायला सोपी आहे. पण त्या ओठांचा वळसा केसभर उघडला तर दोन काडतुसं एकदम वर येतात, केसभर मिटला तर एकही सुटत नाही, आणि कोन चुकला तर गोळीचं टोक नळीच्या तोंडाला जाऊन धडकतं. म्हणून जुने कारागीर सांगतात की एका रायफलीचं मॅगझिन दुसरीला बसेलच असं धरून चालू नये.

भल्याभल्यांना मॅगझिनने रडवलेलं आहे. कारगिलच्या लढाईत, १९९९ साली, आपल्या फौजेच्या इन्सास रायफलींच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला कडाक्याच्या थंडीत तडे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. ज्या चिजेवर सरकारी कारखान्याचे इंजिनिअर अडखळतात, ती आपण चुलीपुढं बसून पक्कडीने नीट करू म्हणतो!

आता अडकतं म्हणजे नेमकं काय होतं, ते बघू. ३१५च्या काडतुसाला बुडाशी कड असते, बारा बोअरच्या काडतुसाला असते तशीच. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढं यायला पाहिजे. ती मागं राहिली, तर बोल्ट रेटताना वरची कड खालच्या कडेला अडते आणि दोन्ही काडतुसं एकमेकांत गुंततात. घाईत, अंधारात, बॅटरीच्या उजेडात भरताना हे हमखास होतं. मग माणूस म्हणतो, "मॅगझिन बिघडलं." मॅगझिन बिघडलेलं नसतं, भरणं चुकलेलं असतं. पाच काडतुसं सावकाश काढायची, पुन्हा कडा पाहून भरायची, काम झालं. याला कारागीर लागत नाही आणि कायदाही आडवा येत नाही.

दुसरं कारण घाणीचं. आपली काळी माती वाळली की पिठासारखी उडते. त्यात कुणी मॅगझिनमध्ये सढळ हाताने तेल ओततो. खोबरेल ओतणारे आहेत, मोटारसायकलचं जळकं ऑइल ओतणारेही आहेत. तेलावर माती बसते, तिचा चिखल होतो, फळी तिरकी चढते, स्प्रिंग जड चालते. शिवाय ते तेल काडतुसाच्या टोपीत उतरलं तर ऐन वेळी काडतूस फुसकं निघतं. मॅगझिनच्या आतून कोरडं फडकं फिरवायचं, अगदी पातळ हात तेलाचा, आणि तोही पुसून घ्यायचा. तेल बंदुकीचंच असावं.

साफसफाई करताना एक गोष्ट पहिली. मॅगझिन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली, असं नव्हे. एक काडतूस नळीत बसलेलं असू शकतं, आणि घरात गोळी सुटते ती बहुतेक वेळा "रिकाम्या" बंदुकीतूनच. आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट उघडा, डोळ्याने बघा, बोट घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पोरंबाळं बाहेर. आणि अडकतंय का, हे तपासायला घरात जिवंत काडतुसं भरून बोल्ट मागंपुढं करण्याचा खेळ तर कधीच करू नका.

नळीचंही सांगून ठेवतो, कारण हे आपल्या शेतातल्या घरातच घडतं. कुंभारीण माशी मातीचं घर करते ते खिळ्याच्या भोकात, कुलपात, आणि कपाटाबाहेर उभ्या ठेवलेल्या बंदुकीच्या नळीतसुद्धा. चिमूटभर मातीचं ते घर. पण बार उडाला की मागचा दाब त्याच्यापाशी अडतो आणि नळी फुगते नाहीतर फाटते. हंगामाला बंदूक काढली की रिकामी असल्याची खात्री करून मागच्या बाजूने उजेडाकडं नळी धरून बघावी. गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. घर दिसलं आणि ते नुसत्या काडी-चिंधीने निघत नसेल, तर खिळे, सळया घालू नका. आत चरा पडला की गेली नळी.

गंजाचं कारण आपल्या घरांतही आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी भागातली माळवदं गेली, पत्र्याची आणि सिमेंटची घरं आली. माळवदाच्या कोनाड्यात लोखंड कोरडं राहायचं. पत्र्याखाली दिवसा भट्टी आणि रात्री गारवा, म्हणजे कपाटातलं लोखंड घाम धरतं. चामड्याच्या म्यानात घालून वर्षभर ठेवलेली बंदूक तर आतून गंजून निघते, कारण चामडं ओल धरतं. कोरड्या, कुलूपबंद लोखंडी कपाटात, म्यानाबाहेर ठेवा. कुलूप हे शस्त्र नियमांप्रमाणेही बंधनकारक आहे.

इथवर घरचं काम. याच्यापुढं थांबायचं.

फळी वाकडी, स्प्रिंग दमलेली, पेटीला पोचा, ओठ उघडलेले, यांपैकी काही असलं तर ते घरच्या पक्कडीचं काम नाही आणि गल्लीतल्या वेल्डरचंही नाही. १९५९चा शस्त्र कायदा कलम ५ मध्ये सांगतो की बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात बदल करणं याला जसा परवाना लागतो, तसाच दुरुस्तीलाही लागतो. आणि "बंदूक" या शब्दात तिचे भागही येतात, म्हणजे मॅगझिन आलंच. तुमचा परवाना बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. २०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कलम ५ मोडण्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप अशी केली गेली. नळी कापून आखूड करणं, खेळण्यातल्या बंदुकीची खरी करणं, यालाही तीच शिक्षा. मॅगझिनमध्ये दोन काडतुसं जास्त मावावीत म्हणून पेटी वाढवायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली, तर तीही इथंच मोडते.

गावच्या लोहाराचाही विचार करा. तो बिचारा तुमच्या शब्दाला मान देऊन, "पाटील म्हणतेत म्हणल्यावर" ऐरणीवर घेतो. त्याच्याकडं शस्त्र दुरुस्तीचा कागद नसतो. उद्या काही झालं तर गुन्हा तुमच्यावर होतो तसा त्याच्यावरही होतो, आणि जामिनासाठी धावणारं त्याच्या मागं कुणी नसतं.

मग जायचं कुठं? ही अडचण खरी आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परवानाधारक कारागीर गावोगाव नाहीत. जवळचा कोण, हे लातूरला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारून घ्यावं. औशाहून तुळजापूरच्या रस्त्याने सोलापूर सोपं वाटतं, कुणाचा ओढा जुन्या सवयीने हैदराबादकडं असतो. पण निघण्याआधी परवान्यावरचं क्षेत्र वाचा. परवाना जिल्ह्यापुरता असेल तर सोलापूर दुसरा जिल्हा आहे, आणि हैदराबाद तर दुसरं राज्य. क्षेत्राबाहेर शस्त्र नेण्याची परवानगी आधी घ्या. जाताना मूळ परवाना सोबत, बंदूक रिकामी, म्यानात. दुकानात नोंद झाल्याशिवाय आणि पावती हातात पडल्याशिवाय बंदूक सोडू नका.

बँकेवर किंवा एटीएमवर राखणीला असणाऱ्या निवृत्त जवानांनी हे जास्त मनावर घ्यावं. त्यांची नोकरी परवान्यावर उभी आहे. फौजेत हत्यार उघडून जोडण्याची सवय असते, हात शिवशिवतात. पण तिथं मागं आरमोरर असतो, त्याच्यामागं सरकार असतं. इथं आपण एकटे.

जनावरांचं राहिलं. पीक राखायला बंदुकीचा परवाना कायद्यात आहे. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. तेवढ्याने भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मिळू शकते. रायफल त्यात नाही. आणि परवाना बंदुकीचा असतो, जनावर मारण्याचा नसतो. काळवीट १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावायचा नाही. रानडुकरासाठीही वन खात्याची लेखी परवानगी लागते. नुकसान झालं तर लगेच वन खात्याकडं अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा. तो कागद बारापेक्षा जास्त कामाला येतो.

वानर हाकायला पोरं अलीकडं प्लास्टिकच्या पाइपाची कार्बाइडची तोफ करतात. ती निरुपद्रवी असं समजू नका. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या तोफांनी शेकडो जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात लेकरं पुष्कळ होती. रानातही ती नको.

शेवटी कागदाचं, कारण बंदूक नीट असून कागद सडलेला, अशी घरं पुष्कळ आहेत. परवान्याची मुदत २०१९च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी पाच वर्षांची झाली, आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. वडील वारले आणि बंदूक तशीच माळ्यावर, हे चालत नाही. ज्या दिवशी परवानाधारक गेला, त्या दिवसापासून घरातली बंदूक बेकायदा ठरू लागते. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायची, पावती घ्यायची, आणि वारसाने आपल्या नावावर परवान्यासाठी अर्ज करायचा. २०१६च्या शस्त्र नियमांत याहून चांगली सोय आहे. परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली, यांत जे आधी होईल तेव्हा, तो हयातीतच वारसाचं नाव देऊ शकतो. म्हाताऱ्या माणसांनी हे काम दसऱ्याच्या पूजेआधी उरकून घ्यावं. पूजेला बंदूक काढली की हवेत बार उडवायची हौस येते, तर हेही सांगतो: दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा हौशीचा बार हा २०१९पासून गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निवडणूक लागली की शस्त्रं जमा करण्याच्या नोटिसा निघतात. नोटीस आली तर बंदूक देण्याच्या आदल्या दिवशी नळीतून तेलाचा हात फिरवा, मॅगझिन रिकामं करा, काडतुसं मोजून वेगळी द्या. पावतीवर बंदुकीचा नंबर, मॅगझिन आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. परत घेताना ती पावती हातात धरून तिथंच टेबलावर तपासा, घरी आणून नव्हे.