क्वाँग टार्ट : सिडनीचे चिनी शेठ

१८८८ च्या मे महिन्यात सिडनी शहर चिन्यांविरुद्ध पेटलं होतं. ३ मे रोजी टाउन हॉलमध्ये सभा भरली, खुद्द महापौर जॉन हॅरिस पुढे झाले आणि हजारोंचा जमाव न्यू साउथ वेल्सच्या संसद भवनावर चालून गेला. चिन्यांना आत घेऊ नका, एवढीच मागणी होती. तीन दिवसांनी ‘अफगाण’ नावाची आगबोट बंदरात शिरली. अडीचशेहून अधिक चिनी उतारू घेऊन ती निघाली होती आणि मेलबर्नने आपल्या वाट्याच्या माणसांना उतरूच दिलं नव्हतं. सिडनीनेही तेच केलं. कित्येकांच्या हातात ब्रिटिश नागरिकत्वाचे कागद होते, तरी प्रीमियर हेन्री पार्क्स यांनी बोटीवर पहारा बसवला.

त्याच दिवसांत, त्याच शहराच्या मध्यवस्तीत, प्रतिष्ठित घरांतल्या गोऱ्या बायका एका चिनी माणसाच्या चहागृहात बसून चहा आणि गरम स्कोन घेत होत्या. ही चहागृहं मेई क्वाँग टार्ट यांची. सिडनीत त्यांना न ओळखणारा माणूस मिळणं कठीण होतं. एका चिनी व्यापाऱ्यावर जीव टाकणारं आणि त्याच्या जातभाईंना धक्क्यावर पाय ठेवू न देणारं शहर एकच होतं. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या, तरच हा माणूस कळतो.

त्यांचा जन्म १८५० चा, चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातला. आज ज्याला ताइशान म्हणतात तो त्यांचा मुलूख. जमीन थोडी आणि तोंडं फार, त्यामुळे तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या समुद्रापार जात. १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं आणि दक्षिण चीनमधली गावंच्या गावं तिकडे पाहू लागली. चिन्यांच्या तोंडी सॅन फ्रान्सिस्को हा जुना सोन्याचा डोंगर, ऑस्ट्रेलिया हा नवा. १८५९ मध्ये काका खाणमजुरांची एक टोळी घेऊन निघाला, तेव्हा नऊ वर्षांचा हा पोरगाही त्याच्याबरोबर गेला.

ते पोचले सिडनीच्या नैर्ऋत्येला, ब्रेडवुडच्या सोनखाणींच्या प्रदेशात. तिथे बेल्स क्रीक नावाच्या वस्तीत थॉमस फोर्साइथ या स्कॉटिश दुकानदाराकडे मुलाची राहायची सोय झाली. खाणवस्तीतलं दुकान म्हणजे सगळ्या व्यवहाराचं केंद्र. पीठ, कुदळी, तंबू, उधारी, सोन्याचं वजन, सारं तिथेच. त्या गजबजाटात मुलगा इंग्रजी शिकला, तेही पक्क्या स्कॉटिश ढंगाचं. हा ढंग जन्मभर टिकला. पुढे मेजवान्यांत हा चिनी गृहस्थ स्कॉटिश गाणी म्हणायचा, रॉबर्ट बर्न्सच्या कविता म्हणून दाखवायचा आणि ऐकणारे खुळावून जायचे. नंतर अरालुएनच्या पर्सी सिम्पसन यांच्या कुटुंबाने त्याला घरात घेतलं. सिम्पसनबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, चर्चला नेलं. तो ख्रिस्ती झाला, तो या घरात.

ही माया खरी होती. मात्र तिच्या कुंपणाबाहेर काय चाललं होतं, तेही पाहिलं पाहिजे. मुलगा अकरा वर्षांचा असताना, जून १८६१ मध्ये, याच वसाहतीतल्या लॅम्बिंग फ्लॅटच्या खाणींवर गोऱ्या खाणकामगारांच्या झुंडीने चिन्यांच्या वस्तीवर हल्ला केला, तंबू जाळले, माणसांना मारहाण केली, त्यांच्या वेण्या कापल्या. सरकारने यावर उपाय काढला तो पीडितांनाच अडवण्याचा. वसाहतीत येणाऱ्या प्रत्येक चिन्यावर १० पौंडांची डोईपट्टी बसली.

सिम्पसन कुटुंबाच्या सल्ल्याने क्वाँग टार्टने चौदाव्या वर्षीच सोन्याच्या खाणींत हिस्से घ्यायला सुरुवात केली आणि अठराव्या वर्षी तो बऱ्यापैकी श्रीमंत होता. बेल्स क्रीकला त्याने स्वतःचं घर बांधलं. घोड्यांच्या शर्यती भरव, क्रिकेटचे सामने जमव, चर्च आणि शाळेसाठी वर्गणी गोळा कर, असं सगळीकडे त्याचं नाव येऊ लागलं. ११ जुलै १८७१ रोजी तो रीतसर ब्रिटिश प्रजाजन झाला. पुढे १८८८ च्या कायद्याने चिन्यांना हा दरवाजाच बंद केला. १८७७ मध्ये तो गावच्या सरकारी शाळेच्या मंडळावर नेमला गेला. गावची पोरं काय आणि कशी शिकणार, हे ठरवणाऱ्यांत एक चिनी माणूस बसत होता. पुढच्या साऱ्या मानसन्मानांपेक्षा मला ही नेमणूक मोठी वाटते.

१८८१ मध्ये ते चीनला जाऊन आले. घरच्यांना भेटले, चहा आणि रेशमाच्या व्यापाऱ्यांशी संधान बांधलं आणि परतल्यावर सिडनीत दुकान थाटलं. दुकानात येणाऱ्याला नमुना म्हणून चहाचा पेला फुकट मिळे. लोक पेल्यासाठीच येऊ लागले, रेंगाळू लागले. मग पेल्याला दाम लागला, जोडीला स्कोन आले आणि पाहता पाहता शहराच्या आर्केडांत एकामागून एक चहागृहं उघडली. किंग स्ट्रीटवरच्या ‘लूंग शान’ चहागृहाचा थाट सर्वांत मोठा. संगमरवरी कारंजी, हौदात सोनेरी मासे आणि वरच्या मजल्यावर वाचनाची खोली. १८९८ मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर क्वीन व्हिक्टोरिया मार्केटची भव्य इमारत उभी राहिली, तिथे त्यांनी जवळपास पाचशे माणसं बसतील असा ‘एलिट हॉल’ सुरू केला. सिडनीला मुलाबाळांकडे जाणारे मराठी आईवडील आज क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंग हमखास पाहून येतात, ती हीच.

या चहागृहांचं महत्त्व चहापुरतं नव्हतं. त्या काळच्या सिडनीत बाहेर पडलेल्या बाईला घटकाभर बसायला जागा नव्हती. दारूचे गुत्ते पुरुषांचे, क्लबही पुरुषांचे. एकटीदुकटी स्त्री निर्धास्तपणे येऊन बसेल, खाईल, मैत्रिणीशी बोलेल अशी जागा क्वाँग टार्ट यांनी करून दिली. बायका आल्या आणि गप्पांबरोबर राजकारणही आलं. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झटणाऱ्या सिडनीतल्या पहिल्या कार्यकर्त्या याच चहागृहांत जमत. १९०२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळालं. त्या हक्काच्या मसलती ज्या टेबलांभोवती झाल्या, त्यांतली काही एका चिनी व्यापाऱ्याची होती. नोकरांच्या बाबतीतही हा शेठ काळाच्या पुढे होता. आजारपणात किंवा घरी कार्य असताना त्याच्याकडे भरपगारी रजा मिळे.

१८८६ च्या ३० ऑगस्टला त्यांनी मार्गारेट स्कार्लेट या इंग्लंडात जन्मलेल्या शिक्षिकेशी लग्न केलं. मुलीच्या वडिलांचा विरोध होता. संसार मात्र सुखाचा झाला. चार मुली, दोन मुलगे. कुठल्याही पंथाला आपण परके मानतो असं कुणी म्हणू नये, म्हणून मुलांचे बाप्तिस्मे वेगवेगळ्या पंथांच्या चर्चमध्ये केले. हे वाचताना मला त्यांच्या आयुष्यातला ताण जाणवतो. सर्वांना आवडत राहणं ही त्यांची नुसती हौस नव्हती, गरजही होती. कुणाला दुखावण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

आणि तरीही त्यांनी दुखावलं. तेही दोन्ही बाजूंना. कारण अफू.

१८८३ मध्ये पोलीस अधिकारी मार्टिन ब्रेनन यांच्याबरोबर त्यांनी रिव्हरिना भागातल्या चिनी वस्त्यांची पाहणी केली. वॅगा वॅगा, नॅरँडेरा, हे, डेनिलिक्विन, ऑलबरी. शेतजमिनी साफ करणाऱ्या, दिवस दिवस राबणाऱ्या या मजुरांत अफूचं व्यसन किती खोल गेलं आहे, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी अफूची आयात बंद करा म्हणून त्यांनी सरकारकडे पहिला अर्ज केला. १८८७ मध्ये दुसरा केला, पुस्तिका काढली, गावोगाव सभा घेतल्या, व्हिक्टोरिया वसाहतीतही जाऊन बोलले.

ही अफू यायची कुठून? मुळात आपल्याकडून. बिहार-बनारसकडची अफू सरकारी मक्त्याखाली कलकत्त्याहून आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई. मुंबईतल्या कितीतरी पेढ्या या व्यापारावर वर आल्या. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या दानशूर माणसाच्या संपत्तीतही अफू आणि कापसाच्या चीन-व्यापाराचा मोठा भाग होता. हिंदुस्थानातली कच्ची अफू हाँगकाँगला शिजवली जाई आणि ओढण्याजोगी तयार होऊन डबाबंद स्वरूपात ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत उतरे. ती कायदेशीर होती. तिच्यावर जकात होती आणि त्या जकातीचा पैसा वसाहतींच्या तिजोरीत पडत होता.

म्हणजे क्वाँग टार्ट यांनी अफूबंदी मागितली, तेव्हा ते सरकारचं उत्पन्न बुडवायला निघाले होते आणि अफू विकणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांचा धंदाही. शिवाय, बघा, त्यांचाच माणूस सांगतो आहे चिनी कसे व्यसनी असतात, असं म्हणायला चिन्यांच्या शत्रूंना आयतं निमित्त मिळत होतं. हे सगळं कळत असूनही ते मागे हटले नाहीत. त्यांच्या गोडबोलेपणाचं कौतुक त्यांच्या हयातीत पुष्कळ झालं. माझ्या मते खरं मोठेपण या हट्टात आहे.

चिनी समाजाचं गाऱ्हाणं सरकारदरबारी मांडायला त्या काळी कुणीच अधिकृत माणूस नव्हता. चीनचा वाणिज्यदूत ऑस्ट्रेलियात नेमलेलाच नव्हता. कागद कोर्टात अडकला, मजुरी बुडाली, दुभाषा हवा, मेलेल्याच्या घरी पत्र धाडायचं, की लोक क्वाँग टार्ट यांच्या दाराशी. १८८७ मध्ये चीनच्या बादशाही सरकारचे दोन आयुक्त वसाहतींतल्या चिन्यांची स्थिती पाहायला आले, तेव्हा सिडनीत त्यांच्या सरबराईत हेच पुढे होते. त्याच वर्षी सम्राटाने त्यांना पाचव्या श्रेणीचे मानद मँडरिन केलं आणि १८९४ मध्ये चौथी श्रेणी दिली. इकडे वृद्ध निराधारांच्या आश्रमांतून जेवणावळी, वर्तमानपत्रं विकणाऱ्या पोरांना मेजवानी, असा त्यांचा दानधर्म सुरूच असे आणि त्यात ते गोरा-पिवळा पाहत नसत.

‘अफगाण’च्या प्रकरणात त्यांनी पार्क्स यांच्यापुढे उतारूंची बाजू मांडली. न्यायालयानेही सरकारची अडवणूक बेकायदा ठरवली आणि काही उतारू अखेर उतरले. पार्क्स यांनी मग कायदाच बदलला. डोईपट्टी १०० पौंड आणि बोटीच्या दर ३०० टनांमागे एकच चिनी उतारू. साध्या मजुराची वर्षाची कमाईही क्वचितच एवढी भरे. क्वाँग टार्ट यांची सारी लोकप्रियता तिथे उपयोगी पडली नाही. पार्क्स यांच्यासारखे पुढारी त्यांना ओळखत, मानत. कायदा करताना मात्र क्वाँग टार्ट यांना एक अपवाद म्हणून बाजूला ठेवता येत होतं.

१८९१ मध्ये सिडनीतल्या चिन्यांचा जुगार, अनीती आणि पोलिसांना दिली जाणारी लाच या आरोपांच्या चौकशीसाठी शाही आयोग बसला, तेव्हा सरकारने आयुक्तांत क्वाँग टार्ट यांनाही घेतलं. आयोगाने चिनी वस्तीतली घरं पाहिली, साक्षी घेतल्या. चिन्यांबरोबर संसार करणाऱ्या युरोपीय बायकांनीही जबान्या दिल्या आणि नवरे आपल्याला चांगलं वागवतात असं त्यांच्यातल्या अनेकींनी सांगितलं. पोलिसांना सर्रास लाच दिली जाते, हा आरोप सिद्ध झाला नाही. अफवांच्या जागी लिखित पुरावा उभा राहिला, हे काम लहान नव्हतं. तरी १९०१ मध्ये वसाहती एकत्र येऊन झालेल्या ऑस्ट्रेलिया या नव्या राष्ट्राच्या संसदेने स्थलांतरबंदीचा कायदा केलाच. नको असलेल्या माणसाला युरोपीय भाषेतले ५० शब्द लिहून घ्यायला लावायचे आणि नापास करायचं, ही त्यातली युक्ती.

१९ ऑगस्ट १९०२ रोजी क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमधल्या कचेरीत एका लुटारूने लोखंडी कांबीने त्यांच्या डोक्यावर घाव घातले. शहर हादरलं. त्यांच्या मदतीसाठी नागरिकांनी हात पुढे केले. ते जरा सावरले, पण पूर्वीचे राहिले नाहीत. २६ जुलै १९०३ रोजी ॲशफील्डच्या राहत्या घरी फुप्फुसावरणाच्या दाहाने ते गेले. वय ५३. मँडरिनचा दरबारी पोशाख आणि त्यावर फ्रीमेसन संघटनेचा एप्रन अशा वेशात त्यांना निरोप दिला गेला. रुकवुडच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. अंत्ययात्रेत चिनी आणि गोरे दोघेही होते. मार्गारेटबाईंनी १९११ मध्ये त्यांचं चरित्र छापलं. ॲशफील्डमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसायला १९९८ साल उजाडलं.

ज्या दोन गोष्टींसाठी ते वीस वर्षं झिजले, त्या त्यांच्या मागे लवकरच घडल्या. १ जानेवारी १९०६ पासून ओढायच्या अफूची आयात ऑस्ट्रेलियात बंद झाली आणि सरकारने त्या जकातीवर पाणी सोडलं. १९०९ मध्ये चीनचा पहिला महावाणिज्यदूत मेलबर्नला रुजू झाला. क्वाँग टार्ट यांनी चहाचं दुकान सांभाळून, पदरचे पैसे घालून जे काम केलं होतं, त्यासाठी आता पगारी अधिकारी आणि स्वतंत्र कचेरी होती.